सहा घरं, एक शेकोटी: इंदूरमधल्या एका हिवाळी दावतीचं प्रकरण

प्रकरण इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका मराठी घराचं आहे. नवरा-बायको दोघं नोकरदार, घरात सासूबाई आणि नववीतली मुलगी, वर मोकळी गच्ची. बोलवायची होती पाच घरं: केरळचं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंब (३ जण), श्वेतांबर जैन (४, त्यांत चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम, पाळणाऱ्या आजी), दाऊदी बोहरा (४), शीख (३) आणि सिंधी (३). यजमान धरून २१ माणसं, त्यांत ७ मुलं. ऑफिस, शाळा आणि कॉलनी अशा तिन्ही वाटांनी झालेल्या ओळखी. सगळे एकमेकांकडे चहाला जाणारे, पण एका पंगतीला कधी बसलेले नव्हते.

पहिला बेत असा ठरला होता. २५ डिसेंबर २०२५, गुरुवार, रात्री ८ वाजता. प्रत्येकाने आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा. बेकरीतून रम घातलेला प्लम केक. चिठ्ठ्या टाकून भेटवस्तू. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर ओम, क्रॉस, चाँद-तारा आणि शिखांचा खंडा. वरवर पाहता यात सगळ्यांना जागा आहे. प्रत्यक्षात पाचपैकी चार घरं या बेताने अडचणीत आली असती आणि एकानेही ती बोलून दाखवली नसती. अशा वेळी लोक ‘बघू, जमवू’ म्हणतात, येतात, पाणी पिऊन हसतमुखाने परत जातात. यजमानाला वाटतं, सगळं छान झालं.

आमचं मत स्पष्ट आहे. वेगवेगळे सण पाळणारी माणसं एकत्र यायची असतील तर सगळा जीव तारीख, घड्याळ आणि कढई यांत ओतावा. भिंतीवरच्या चिन्हांनी कुणाचं पोट भरत नाही. उलट कुणाचं चिन्ह वर लागलं, कुणाचं राहिलं, हाच विषय होतो.

तारीख

२५ डिसेंबरला केरळी कुटुंब मोकळं नसतंच. आदल्या रात्री किंवा पहाटे चर्च, दिवसभर नातेवाईक, घरचं जेवण. ‘तुमचाच सण आहे’ म्हणून त्यांना त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी बोलावणं म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला आपल्याला कुणी ‘या आमच्याकडे, दिवाळी करू’ म्हणावं तसं. त्याआधीचा रविवार घ्यावा, तर केरळच्या सीरियन परंपरेत १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचं व्रत असतं. मांस-मासे तर नाहीतच, कडक पाळणारे अंडी आणि दूधही सोडतात. म्हणजे डिसेंबरच्या मध्यात ज्यांच्यासाठी हौसेने केक आणला, त्यांनाच तो खाता येत नाही.

शीख घराची गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, साधारण २० ते २७ तारीख, हा गुरू गोविंदसिंगांच्या चार साहिबजाद्यांच्या, म्हणजे मुलग्यांच्या, आणि त्यांच्या आई माता गुजरींच्या शहादतीचा आठवडा. अनेक घरांत या दिवसांत लग्नकार्य करत नाहीत, गाणं-बजावणं टाळतात, काही जण जमिनीवर झोपतात. २५ तारखेला त्यांना टोप्या घालून नाचायला बोलावणं बरं दिसत नाही. २०२२ पासून २६ डिसेंबर हा ‘वीर बाल दिवस’ म्हणून सरकारी पातळीवरही पाळला जातो, तेव्हा निदान ही तारीख लक्षात राहायला हरकत नाही.

जैन आजींचा प्रश्न दिवसाचा नव्हता, वेळेचा होता. सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत. रात्री ८ चं आमंत्रण त्यांच्या दृष्टीने आमंत्रणच नव्हे.

मग जानेवारी. ३ तारखेचा शनिवार सोयीचा दिसत होता, पण त्या दिवशी पौष पौर्णिमा. तिथी पाळणारे श्वेतांबर जैन बीज, पाचम, आठम, अग्यारस, चौदस या दिवशी आणि बरेच जण पूनम-अमावस्येलाही हिरवी भाजी खात नाहीत. मटार मुख्य असलेला बेत त्या दिवशी फसला असता. सासूबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार १८ डिसेंबरला संपले होते, आणि ६ जानेवारीला मंगळवारची, म्हणजे अंगारकी संकष्टी. मधला ४ जानेवारीचा रविवार सगळ्यांना मोकळा सापडला. केरळी घरावरचा तारा तेव्हाही लागलेलाच असतो, कारण त्यांचा नाताळचा काळ ६ जानेवारीच्या सणापर्यंत चालतो. लोहडी, सिंध्यांची लाल लोई आणि संक्रांत अजून आठवडाभर लांब, त्यामुळे त्या कुठल्याच सणावर पाय पडत नव्हता.

बोहरा घरासाठी त्या सुमारास रजब चालू होता. या महिन्यात काही घरांत रोजे असतात, म्हणून विचारून घेतलं. त्यांचं मिसरी कॅलेंडर हिशोबाने चालतं, चंद्र दिसण्यावर नाही, त्यामुळे इतर मुसलमानांपेक्षा त्यांची तारीख बहुधा एक-दोन दिवस आधी येते. भिंतीवरच्या सरकारी कॅलेंडरवर भरवसा ठेवू नये. आणि हिजरी वर्ष दर साली साधारण ११ दिवसांनी मागे सरकतं, म्हणून त्या वर्षीचं गणित पुढच्या वर्षांना लागू पडत नाही. २०३० मध्ये रमजान जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा येईल. तेव्हा अशी दावत सूर्यास्तानंतरच्या इफ्तारीभोवती बांधावी लागेल, आणि जैन पंगत त्याआधी उरकावी लागेल.

निरोप

इंदूरमध्ये मिश्र मित्रमंडळींचा निरोप हिंदीतच जातो. पाठवलेला मजकूर असा होता:

‘रविवार ४ जनवरी, शाम ४ से ८.३०, हमारे घर, छत पर। सर्दियों की दावत है, किसी एक त्योहार की नहीं। खाना शाकाहारी, बिना अंडे और बिना शराब का। पहली पंगत ४.४५ पर, प्याज-लहसुन-कंद के बिना। चार बातें बता दीजिए: क्या नहीं खाते, किस चीज़ से एलर्जी है, उस दिन व्रत या रोज़ा तो नहीं, और शाम को नमाज़, पाठ या सामायिक के लिए शांत कमरा चाहिए क्या।’

हाच मजकूर पाचही घरांना, शब्द न बदलता. ‘तुम्ही जैन ना, मग तुमच्यासाठी वेगळं काय करू?’ असं एकेकाला विचारलं की समोरचा संकोचाने ‘काही नको, सलाड चालेल’ म्हणतो. सगळ्यांना सारखेच चार प्रश्न गेले की उत्तरं खरी येतात. यातलं सर्वांत महत्त्वाचं उत्तर धर्माशी संबंधित नव्हतंच. सिंधी घरातल्या सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. त्या एका ओळीने तिळगुळाचा, गजकचा आणि शेकोटीभोवतीच्या खाऊचा सगळा बेत बदलला. दुकानातली गजक आणि रेवडी बहुधा शेंगदाणा-चिक्कीच्याच ओट्यावर होते, म्हणून ती आणायचीच नाही असं ठरलं.

मांस का नाही, याचंही कारण निरोपाबरोबर फोनवर सांगितलं. बोहरा घराला हलाल लागतं. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शिखाला हलाल वर्ज्य आहे. एकाच पातेल्यात दोघांचं समाधान होत नाही, आणि दोन पातेली, दोन डाव, शेजारी जैन पंगत हे एका घरगुती स्वयंपाकघराला झेपत नाही. शाकाहार म्हणजे आपोआप सगळ्यांचं जेवण असं मात्र समजू नये. तसं वागलं की मांसाहारी पाहुण्याला आपण इथे सवलतीवर आलोय असं वाटतं. कारण मोकळेपणाने सांगितलं की तो कडवटपणा राहत नाही.

स्वयंपाक

पदार्थ ठरले ते असे: दाल-बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे आणि डाळ), मटारच्या कचोऱ्या, कच्ची केळी-सिमला मिरची-टोमॅटोची रस्साभाजी, थोडा भात, काकडी-टोमॅटो, कोथिंबीर-मिरची-लिंबाची चटणी, तिळाचे लाडू, गूळ-सुंठीचा उकाळा. सूर्यास्तानंतर गराडू आणि केक. भुट्ट्याचा कीस हवा म्हणून मुलीचा हट्ट होता, पण जानेवारीत हाती येतो तो अमेरिकन मका. त्याचा कीस गोड आणि चिकट होतो. कीस पावसाळ्यातच करावा.

बाफल्यांचं प्रमाण: मोठ्यांना अडीच, मुलांना एक, म्हणजे ४२. केले ४५. रवाळ दळलेली कणीक १.८ किलो, मक्याचं पीठ २०० ग्रॅम, तुपाचं मोहन २२० ग्रॅम, ओवा २ चमचे, मीठ, खायचा सोडा अर्धा चमचा, पाणी साधारण ८०० मिली. पीठ मुठीत दाबलं की गोळा राहिला पाहिजे, इतकं मोहन. घट्ट मळून अर्धा तास ठेवायचं. ७० ग्रॅमचे गोळे, मध्ये अंगठ्याने खळगी. चिमूट हळद घातलेल्या उकळत्या पाण्यात एका वेळी पंधराच सोडायचे. वर तरंगले की तिथून १२ ते १५ मिनिटं. मग कापडावर काढून निदान २५ मिनिटं वाळवायचे.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. वाळवण्याची घाई केली की तंदूरमध्ये वरची साल चिवट होते, आत पीठ कच्चं राहतं, आणि फोडल्यावर तूप आत न मुरता वरून ओघळतं. सोडा जास्त झाला तर ते पाण्यातच फुटतात. गॅस तंदूरवर २५-३० मिनिटं, मध्ये फिरवत. गोवऱ्यांवरच्या बाफल्यांची चव खरोखर वेगळी, यात वाद नाही. पण गच्चीवर पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर नको, म्हणून तंदूर. उकडून वाळवलेले बाफले कापडाखाली तीन-चार तास चांगले राहतात, त्यामुळे १६ बाफले ४ वाजता भाजले आणि बाकीचे ६.३० ला. दोन्ही पंगतींना गरम मिळाले.

डाळ: तूर ९०० ग्रॅम, मूग ३०० ग्रॅम. फोडणीत हिंग, जिरं, लाल मिरची, शेवटी लिंबू. आलं-लसूण नाही. ओलं आलं कंद म्हणून वर्ज्य, पण सुंठ चालते. ओली हळद नाही, वाळलेल्या हळदीची पूड चालते. हा फरक माहीत असला की जैन स्वयंपाक बेचव राहत नाही. भाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी, दोन डझन. सालं काढल्यावर हळदीच्या पाण्यात टाकली नाहीत तर काळी पडतात. वांगं, फ्लॉवर, कोबी बाजारात कितीही सुंदर असले तरी घेतले नाहीत, कारण बहुबीज (पुष्कळ बियांचं) म्हणून किंवा किडीच्या शंकेमुळे बरेच जण ते टाळतात.

कचोऱ्या: शेंगांसकट अडीच किलो मटार, सोलून साधारण १.२ किलो. मैदा १ किलो, मोहन २०० ग्रॅम. मटार भरड वाटून बडीशेप, हिंग, हिरवी मिरची, आमचूर घालून पार कोरडे होईपर्यंत परतायचे. ओलसर राहिले तर कचोरी तेलात फुटते आणि पुढची सगळी खेप जळक्या मटारांत तळली जाते. मंद आचेवर एका खेपेला १२-१५ मिनिटं. तेल तापलेलं असेल तर वर फोड येतात, आत कच्ची राहते.

गराडू हा माळव्याच्या थंडीचा राजा, पण तो कंद. म्हणून त्याची कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा, आणि तो तळायला घ्यायचा तो जैन पंगत उठल्यावर. हाताला तेल लावून सोलायचा, नाहीतर खाज सुटते. इंचभर तुकडे आधी मंद आचेवर शिजेपर्यंत, गार झाल्यावर पुन्हा कडक तेलात, वर जीरावन (इंदुरी मसाला) आणि लिंबू. तीन किलो गराडू पंधरा जणांत पुरला. लसणाची चटणीही तेव्हाच झाकणाच्या डब्यातून बाहेर आली.

केक घरीच केला, ८ इंची साच्यात दोन. रम टाळायची ती ‘भाजताना उडून जाते’ या भरवशावर नाही. ती पूर्ण उडत नाही, आणि बोहरा घराच्या दृष्टीने प्रश्न उरलेल्या थेंबांचा नसतोच. एका केकला: बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची वाळवलेली साल मिळून ३०० ग्रॅम, २०० मिली संत्र्याच्या रसात १० मिनिटं उकळून मुरवत ठेवलेली. मैदा २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (४०० ग्रॅम), लोणी १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, सोडा अर्धा चमचा, दालचिनी-लवंग-जायफळ-सुंठ. रंगासाठी १०० ग्रॅम साखर गडद तपकिरी होईपर्यंत जाळून त्यात १०० मिली गरम पाणी बेताने ओतायचं, ते अंगावर उडतं. १६० अंशांवर तासाभरात होतो. फळांना आधी दोन चमचे मैदा चोळला नाही तर ती तळाशी बसतात. रमशिवाय मुरवलेली फळं महिनाभर टिकत नाहीत. ती फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत वापरावीत.

या मिश्रणात अंजीर आणि मध घातले नव्हते, कारण जैनांत दोन्ही वर्ज्य आहेत. अंजीर हे उंबर, वड, पिंपळ यांच्या जातीचं फळ म्हणून. जैन घरातल्या तरुण जोडप्यासाठी दोन तुकडे सूर्यास्ताआधीच कापून ठेवले होते. आजींना केकचा आग्रह केला नाही. रात्रभर भिजलेली फळं त्यांच्या हिशोबाने शिळी, आणि ‘थोडासा घ्या ना’ हा आपला मराठी आग्रह अशा ठिकाणी जाच ठरतो. त्यांच्यासाठी दुपारी उकळून गार केलेलं ३ लिटर पाणी स्टीलच्या हंड्यात झाकून ठेवलं होतं. ते पाहून त्यांनी जेवायला स्वतःहून पाट मागून घेतला.

तिळाचे लाडू हा सगळ्यांना जोडणारा पदार्थ निघाला, आणि तो कुठल्याही घराला परका नव्हता. आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ, शिखांकडे लोहडीची रेवडी, सिंध्यांकडे तिरमूरीला, म्हणजे संक्रांतीला, लेकीकडे पाठवायचे तिळाचे लाडू आणि मुळा, केरळात एळ्ळुंडा. तीळ ७५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ ६५० ग्रॅम, शेंगदाण्याच्या कुटाऐवजी डाळ्याचं पीठ १५० ग्रॅम, तूप २ चमचे, वेलची. पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांनी गोळी झाली की गॅस बंद. पुढे गेला तर लाडू दगड होतात, मागे राहिला तर डब्यात बसून चपटे होतात. १३० लाडू झाले. पाहुण्यांच्या हातात जाताना दिलेली भेटही हीच, प्रत्येक घराला आठ. चिठ्ठ्यांच्या भेटवस्तू रद्द झाल्या, त्या बऱ्याच. चामड्याचं पाकीट, मूर्ती, चॉकलेट यांतलं काय कुणाला चालेल याचा शोध लावत बसावं लागलं असतं.

घड्याळ

इंदूरमध्ये जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य साधारण ५.५० ला मावळतो. सगळी संध्याकाळ या एका वेळेभोवती बांधली. ४ वाजता उकाळा. ४.४५ ला पहिली पंगत, आणि ती ‘जैन पंगत’ म्हणून वेगळी न काढता ज्याला भूक असेल त्याने बसायचं. बोहरा आणि शीख मुलं तेव्हाच जेवली. ५.३५ ला आजींसमोर शेवटचं पाणी. प्रत्येक टेबलावर मिठाची छोटी वाटी होती, कारण बोहरा घरांत जेवणाची सुरुवात आणि शेवट चिमूटभर मिठाने होतो. त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही.

सूर्यास्त झाल्या झाल्या एकाच वेळी दोन खोल्या लागल्या, हे आधी विचारल्यामुळेच कळलं होतं. बोहरा कुटुंबाला मगरिबची (सूर्यास्ताची) नमाज, आणि आजींना प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागण्याचा विधी, जो दोन घडींच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या सामायिकात (शांत बैठकीत) बसतो. मुलीच्या खोलीतली पोस्टर आदल्या दिवशी उतरवली, फरशी पुसली, बाथरूममध्ये गीझर चालू करून कोरडे टॉवेल ठेवले. इंदूरहून किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, जवळजवळ थेट पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. मुसल्ला (नमाजाची चटई) बोहरा पाहुण्यांनी स्वतःचा आणला. आजी सासूबाईंच्या खोलीत बसल्या, दिवा बंद करून, कारण काही जण सामायिकात विजेचा उजेड टाळतात. तेवढा वेळ गच्चीवरचं संगीत बंद होतं. मुलं खाली अंगणात गिल्ली-डंडा खेळली. माळव्यात संक्रांतीच्या आसपासचा तो हक्काचा खेळ आहे आणि त्याला कुणाचाच धर्म आड येत नाही.

शेकोटी

शेकोटी ही शेकोटीच राहू दिली. तिला लोहडी म्हटलं नाही, कारण लोहडी १३ तारखेची, आणि तिच्यात तीळ-रेवडी अर्पण करतात, फेरे घेतात. तसं केलं असतं तर बोहरा पाहुणे अवघडले असते. जैन पाहुण्यांना रात्रीच्या उघड्या आगीत जीव पडण्याचं वाईट वाटतं, म्हणून ती लहान ठेवली आणि साडेसातला विझवली. आगीत काहीही टाकायचं नाही हा एकच नियम सांगितला. पारशी पाहुणे असते तर तो आणखी काटेकोर पाळावा लागला असता. सिगरेटचं थोटूक किंवा कागदी पेला आगीत फेकणं त्यांच्यासमोर मोठा अनादर.

गच्चीवर थेट लाकडं पेटवली तर फरशी तडकते, स्लॅब तापतो. दोन इंच वाळू, तिच्यावर विटांचे दोन थर, त्यावर लोखंडी तगारी. वाळलेलं बाभळीचं लाकूड ८ किलो दीड तासाला पुरलं. प्लायवूड, रंगवलेली फळी, प्लास्टिक अजिबात नाही, धूर विषारी असतो. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि ओलं पोतं. मुलांसाठी आगीपासून मीटरभर दूर विटांचीच रेघ. ओढण्या आणि रिद्याचे (बोहरा बायकांच्या पोशाखाचे) घोळ बहुधा सिंथेटिक कापडाचे असतात, ठिणगीने क्षणात वितळतात, म्हणून वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला खुर्च्या मांडल्या. थंडी वाढली म्हणून पेटती तगारी जिन्यात किंवा खोलीत नेण्याचा मोह अजिबात नको. बंद जागेत कोळशाचा वायू वास न येता जीव घेतो.

काय चुकलं

ताक. दुसऱ्या सगळ्या बाबी इतक्या जपल्या, आणि ४.४५ च्या पंगतीत डाळीशेजारी गार मठ्ठा ठेवला गेला. कच्चं दही-ताक आणि द्विदल (डाळी-कडधान्यं) एकत्र खाणं जैनांत वर्ज्य आहे. आजींनी वाटी हळूच बाजूला सरकवली. त्यांच्या सुनेनेच नंतर यजमानीणबाईंना स्वयंपाकघरात सांगितलं. दही आधी गरम करून मग वापरलं तर चालतं, पण पंगतीत हे समजावत बसण्यापेक्षा डाळ असेल तिथे ताक नाही, हेच सोपं.

केरळी घराने हौसेने अचप्पम (फुलाच्या आकाराच्या तळलेल्या कुरकुरीत चकत्या) आणले, आणि त्यांत अंडं होतं. निरोपात ‘बिना अंडे’ होतं, पण रिकाम्या हाताने येणं कुणालाच जमत नाही. ते परत ठेवायला लावणं वाईट, सरळ ताटात वाढणं त्याहून वाईट. चिठ्ठी लावून गराडूच्या टेबलावर ठेवले, मुलांनी फस्त केले. पुढच्या वेळी निरोपात ‘काही आणायचंच असेल तर फळं आणा’ असं लिहायचं ठरलं. बोरं, पेरू, ऊस या दिवसांत चांगले मिळतात.

सासूबाईंची इच्छा होती की बायका जमल्याच आहेत तर हळदीकुंकूही उरकावं. ते केलं नाही, आणि तो निर्णय योग्य होता. हळदीकुंकवात सवाष्ण, विधवा, अविवाहित अशी वाटणी होते. जैन आजी विधवा, बोहरा आणि ख्रिस्ती बायकांना कुंकवाचा प्रश्न. एका क्षणात अर्धी खोली कडेला उभी राहिली असती. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, म्हणजे त्या वर्षी २५ जानेवारीपर्यंत, केव्हाही वेगळं करता येतं. त्यातही विधवांना बोलावलंच पाहिजे, पण तो वेगळा विषय.

फोटो काढले, पण ग्रुपवर टाकण्याआधी प्रत्येक घराला विचारलं. दोन घरांनी मुलांचे फोटो नकोत म्हटलं, ते टाकले नाहीत. ताटं स्टीलची, भाड्याने आणलेली. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहेच, आणि या शहरात ओला-सुका कचरा वेगळा नसेल तर सकाळची गाडी तो घेत नाही. साडेआठला बहुतेक घरं निघाली. शीख घरातल्या काकांनी निघताना १३ तारखेचं लोहडीचं आमंत्रण सगळ्यांना दिलं, आणि जैन सुनेने तिथल्या तिथे विचारलं, ‘भाईसाहब, आग कितने बजे जलेगी?’ पाच वाजता जेवण ठेवायचं त्यांनी कबूल केलं.

नऊ बाफले उरले. दुसऱ्या दिवशी ते बारीक कुटून, तुपात खमंग परतून, किसलेला गूळ आणि वेलची घालून चुरमा केला. बाफले कडक झाले असतील तर कुटण्याआधी पाच मिनिटं वाफ द्यावी, नाहीतर गूळ त्यात मुरत नाही.